इस्तिखाऱ्याचा रंग

हुसेनबी : ते समदं ऱ्हाऊ दे. रंग कोनता हुता, तेवढं सांग.

जैतून : सांगितलं की, अम्मा. लाल.

हुसेनबी : लाल म्हंजे कसला लाल? मिरचीचा, का कुंकवाचा?

जैतून : लालच. लालभडक.

हुसेनबी : अगं, पर लाल हुतं काय? बांगडी हुती, लुगडं हुतं, का नुसता रंगच हवेत लटकत हुता?

जैतून : धडुतं हुतं. वलनीवर वाळत घातलेलं.

हुसेनबी : कुनाचं?

जैतून : आता खाबात, सपनात दिसलेलं कुनाचं म्हनून कोन इचारत बसतंय, अम्मा?

हुसेनबी : म्या इचारते. भूमवरनं मौलालीचा चाचा आलाय, काल सांजपासनं मशिदीत उतरलाय. जुम्म्याची नमाज झाली का जवाब मागायला ह्या दारात हुबा ऱ्हाईल. त्याला काय सांगू? आमच्या सुनंला वलनीवर लाल धडुतं दिसलं, तवा तुमचा पुतन्या आमाला नको?

जैतून : व्हय. असंच सांगत्यात समदे. इस्तिखारा केला, लाल निघाला, म्हनून न्हाय. कुनाला राग येत न्हाय त्याचा.

हुसेनबी : त्याचसाठी लाल निघाला व्हय? कुनाला राग येऊ ने म्हनून?

जैतून : अल्लाचा इशारा हाय. माझ्या हातात काय हाय?

हुसेनबी : बरं. मग माझ्या इशाऱ्याचं काय करायचं? म्याबी केलाय इस्तिखारा, तुझ्याच नावानं. मला हिरवं दिसलं. हिरवंगार, डोळं निवतील असं.

जैतून : तुमी कशाला केला? ज्याचं काम त्यानंच दुवा मागायची असती.

हुसेनबी : सासू हाय म्या तुझी. माझा दस्तगीर गेल्यापासनं तुझं कोनतं काम माझं न्हवतं? ताप तुला आला, काढा म्या प्याले असते, एवढं हाय.

जैतून : हिरवं दिसलं म्हनता. तुमाला?

हुसेनबी : मला म्हंजे? असं का इचारतीस?

जैतून : परवा माळ्याच्या नवरीला हिरव्या म्हनून निळ्या बांगड्या भरायला घेतल्या हुत्या तुमी. म्या मधीच हात घातला म्हनून निभावलं.

हुसेनबी : खाबात डोळ्याला मोतीबिंदू नसतोय, बेटा.

जैतून : अम्मा, तुमी उगं...

इरम्मा : कोन आंधळं आन कोन डोळस? मारवाड्याच्या दुकानापतुर आवाज येतोय, बुबू. आत येऊ, का भांडन संपल्यावर येऊ?

हुसेनबी : ये इरम्मा, ये. चप्पल तिकडं सार, हितं काच सांडलीय. अगदी येळंवर आलीस. तुझा न्यायनिवाडा पायजे.

इरम्मा : न्याय मागून. आदी माझा हात बघा. उद्या आमच्या सुनंचं, महादेवीचं सातव्या म्हयन्याचं जेवन हाय. तिचा हिरवा चुडा तुमी घरी येऊन भरायचा, ते तर ठरलेलंच. पर व्याहीन येनार, तिच्यापुढं म्या असल्या रिकाम्या हातानं वाढू व्हय? कालच शेंगा फोडताना हुत्या त्याबी वाढल्या.

हुसेनबी : जैतून, हात घे तिचा. जपून. हाड लई जाड हाय हिचं.

इरम्मा : जाड न्हाय, बुबू, राबलेलं हाय. तुमच्यावानी बसून खाल्लं असतं तर बघा कसं लोन्यावानी असतं.

जैतून : मावशी, अंगठा आत मोडून धरा. हात सैल सोडा.

इरम्मा : सोडला बाई. मग, भांडन कशाचं? तुमा सासू-सुनांचं कवा भांडन ऐकलं न्हाय म्या. गल्लीत दुसऱ्यांच्या सुनांना तुमचं नाव घेऊन शिव्या बसत्यात.

हुसेनबी : भूमचं स्थळ आलंय हिला. मौलाली नालबंद. बाजारात बैलाला नाल मारतोय, नालबी सोताच घडवतोय, दारू न्हाय, गांजा न्हाय. बायको बाळंतपनात गेली, मागं एक पोरगी हाय. ह्यापरीस चांगलं काय मिळनार, तूच सांग.

इरम्मा : यव्वा! चांगलंच हाय की मग. हिचं काय वय झालंय?

हुसेनबी : मग तिलाच इचार. म्हनती, इस्तिखाऱ्यात लाल निघालं.

इरम्मा : त्यो काय असतोय? कौल लावल्यावानी? आमी खंडोबाला पाकळ्या लावतो तसं? उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय.

हुसेनबी : तसं न्हाय. ती दुवा असती. मानसाला मोठं काम करायचं असलं आन दिल दोन्हीकडं वढत असलं, का दोन रकात नमाज पढायची आन दुवा मागायची. या अल्ला, तुला समदं ठावं हाय, मला काय ठावं न्हाय. तुझ्यात ताकद हाय, माझ्यात न्हाय. ह्या कामात माझ्या दीनाचं, धरमाचं, माझ्या पोटापान्याचं आन माझ्या शेवटाचं भलं असलं, तर ते माझ्या नशिबात लिही आन सोपं कर. आन बुरं असलं, तर त्याला माझ्यापासनं फिरव आन मलाबी त्याच्यापासनं फिरव. भलं जिथं कुठं असंल तिथं मला ने.

इरम्मा : शिवा शिवा. लई चांगली हाय गं बाई. म्हंजे मागायचंबी, आन समदं त्याच्यावरच सोडायचं.

हुसेनबी : दस्तगीरच्या अब्बांनी शिकिवली मला. लगीन होऊन आले तवा ह्याच वसरीत बसून. मला धड बोलता यीना, ते एकेक शबद घेऊन बसायचे.

इरम्मा : आन रंग?

हुसेनबी : काय रंग?

इरम्मा : ह्यात रंगाचं कुठं आलं? तुमी आत्ता म्हनलीत त्या दुव्यात लाल-हिरव्याचं तर काय न्हाय.

हुसेनबी : ते... ते लोक म्हनत्यात. दुवा मागून, वजू करून, हातपाय-तोंड धुऊन झोपायचं, मंग खाबात हिरवं-पांढरं दिसलं तर व्हय, लाल-काळं दिसलं तर न्हाय. समदेच मानत्यात.

इरम्मा : तुमचे मालक काय म्हनायचे?

हुसेनबी : ते म्हनायचे, खाब पडलाच पायजे असं कुठं लिहिलेलं न्हाय. दुवा मागायची, चार मानसांचा सल्ला घ्यायचा, आन दिल जिकडं झुकंल तिकडं पाऊल टाकायचं. वाट सोपी झाली तर समजायचं. पर ते गेले. आता गल्लीत कुनाला सांगावं, माझं दिल झुकलं? रंग सांगितला का लोक गप बसत्यात.

जैतून : मावशी, हात वढू नका.

इरम्मा : न्हाय वढत. आता माझा न्याव ऐका. बुबू, तुमाला हिरवं दिसलं त्याला म्या काय मोल देत न्हाय. जल्मभर हिरवा चुडा भरताय तुमी. तुमाला सपनात दुसरं काय दिसनार? नालबंदाला नाल दिसत आसंल.

हुसेनबी : वा गं, वा! न्यायाधीश!

इरम्मा : थांबा, हिचंबी बघते. जैतून, तुझं सपान कवा पडलं?

जैतून : पहाटंला.

इरम्मा : पहाटं म्हंजे?

जैतून : कोंबडं आरवायच्या जरा आदी.

हुसेनबी : झूट. कोंबडं आरवायच्या आदी तू रांजनापाशी बसून पानी पीत हुतीस. त्याच्या आदी बाजंवर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. बाज नुसती करकर करत हुती. रातभर तुझा डोळा लागला न्हाय, आन सपान पडलं म्हनती!

इरम्मा : बुबू.

हुसेनबी : काय?

इरम्मा : तुमाला कसं ठावं?

हुसेनबी : कसं म्हंजे? ऐकत हुते की म्या. समदी रात.

इरम्मा : समदी रात.

हुसेनबी : व्हय, समदी... या अल्ला.

इरम्मा : मग तुमाला हिरवं कवा दिसलं, बुबू?

जैतून : अम्मा!

इरम्मा : शिवा शिवा शिवा. दोघींचा डोळ्याला डोळा न्हाय, आन दोघींना रंगीत सपनं! गळ्यातल्या लिंगाची शपथ, असला न्याव म्या जल्मात केला न्हवता. अगं हळू, हसू नको, हात... गेली बघ.

जैतून : फुटली...

इरम्मा : फुटली नको म्हनू. वाढली म्हन. तूच बांगडीवाली आन तूच असं बोलतीस? लागलं का तुला? बघू बोट. न्हाय, खरचटलंय नुसतं. अगं, आत्ता हसत हुतीस, आता रडायला काय झालं?

जैतून : काय न्हाय, मावशी.

हुसेनबी : तिला रडू दे, इरम्मा. चुकलं तर दोघींचंबी. तोबा, तोबा. अल्लाच्या नावानं झूट बोललो गं आपन. तोबा कर, जैतून. गालाला हात लाव.

जैतून : तोबा.

हुसेनबी : बास. आता खरं काय ते सांग. आता ह्या घरात रंगाचं नाव घ्यायचं न्हाय. मौलाली का नको?

जैतून : नको कुठं म्हनलं म्या?

हुसेनबी : मग?

जैतून : तुमाला रात्री चुलीच्या वैलापाशी जाताना उंबरा दिसत न्हाय. ठेच लागली का म्हनता, उंदीर आडवा गेला. भाकरीला राख लागलेली दिसत न्हाय. बांगड्यांच्या माळा म्या रोज त्याच खुट्टीला त्याच जागी अडकवते, डाव्या हाताला हिरव्या, मंग निळ्या, मंग पिवळ्या. तुमी हात घालता आन बरूबर काढता, परवा तेवढ्या हलल्या हुत्या. लोकांना वाटतं, बुबूची नजर अजून शाबूत हाय. म्या गेले तर त्या माळा कोन लावील?

हुसेनबी : म्हंजे तू लावून ठेवतीस मुद्दाम?

जैतून : व्हय.

हुसेनबी : आन म्या समजत हुते माझा हातच शाना हाय.

इरम्मा : हात शाना हायच, बुबू. पर सून त्याहून शानी निघाली.

जैतून : आन तुमी एकट्या. जुम्म्याला त्यांच्या कबरीवर जाताना तुमचा हात कोन धरील? आई-बाप मला कवाच न्हाईत. तुमी मला पोरीवानी ठेवलं, बांगडी धरायची कशी इथनं शिकिवलं. आन आता डोळ्याला दिसंना झालं, तर म्या उठून भूमला जाऊ? लोक काय म्हनतील ते जाऊ द्या. माझं मलाच काय वाटंल?

हुसेनबी : म्हनून लाल.

जैतून : म्हनून लाल.

इरम्मा : आन दुवा? दुवा तरी मागितली का तीबी न्हाय?

जैतून : दुवा मागितली, मावशी. खरी मागितली. तीच तर पंचाईत झाली.

हुसेनबी : म्हंजे?

जैतून : न्हाय सांगता येत, अम्मा.

हुसेनबी : सांग. म्या काय तुला खाते व्हय?

जैतून : म्या मनात म्हनलं हुतं, अल्ला, ह्या कामापासनं मला फिरव. तेवढंच मागायला बसले हुते. पर दुवा तर पुरी म्हनावी लागती. भलं असलं तर सोपं कर, हेबी म्हनावं लागतंय. ते म्हनलं, आन मला... मला ती पोरगी आठवली.

इरम्मा : कोनती पोरगी?

जैतून : त्यांची. हलिमा. पौषात खंडोबाच्या जत्रंला आमी बांगड्यांचं दुकान मांडलं हुतं न्हवं, तवा शेजारच्या झाडाखाली ते बैलांना नाल मारत हुते. पोरगी सारखी आमच्या दुकानापुढं. एक बांगडी हातात घ्यायची, ठेवायची. मंग माझ्या मांडीवर येऊन झोपली. मला काय वळख ना पाळख, सरळ मांडीवर. दिवस कलला तवा ते शोधत आले. हात काळे. म्या पदर सारखा केला, म्हनलं, घेऊन जावा. तर त्यांनी उठिवली न्हाय तिला. म्हनले, आता कुठं झोप लागलीया. आन उभेच ऱ्हायले. बैलवाले वरडत हुते पलीकडनं, तरी न्हाय गेले. तिची झोप होईस्तवर उभे.

हुसेनबी : आन म्या कुठं हुते?

जैतून : तुमी पलीकडं गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत हुता.

इरम्मा : यव्वा. मग?

जैतून : मग काय न्हाय. दुवा संपली आन माझं मन तिकडंच बसलं. उठतच न्हाय तिथनं. म्या भ्याले, अम्मा. मला वाटलं, ह्यो इशारा असंल तर? मला ‘न्हाय’ पायजे हुतं, आन आतनं ‘व्हय’ आलं. तुमास्नी तोंड कसं दाखवू, म्हनून रातभर बाजंवर लोळत ऱ्हायले. सकाळी लाल सांगितलं.

हुसेनबी : अगं माझ्या बाय. इकडं ये. अशी लांब नको बसू, माझ्याजवळ ये.

जैतून : तुमी रागावला न्हाय?

हुसेनबी : रागवू कशाला? चल, आता माझंबी ऐक. म्या तुझ्यासाठी इस्तिखारा केलाच न्हवता. दुसरं झूट.

इरम्मा : अय्य! आन कितीक शिल्लक हाईत, बुबू?

हुसेनबी : एवढंच. मला इस्तिखारा कशाला पायजे? तुझं भलं कशात हाय हे मला दुवा न मागताबी दिसतंय. तेवढं दिसायला डोळे लागत न्हाईत. म्या दुसरीच दुवा मागत हुते. या मुकल्लिबल कुलूब.

इरम्मा : म्हंजे काय?

हुसेनबी : दिलं फिरवनाऱ्या, माझं दिल घट्ट धर. मानसाचं दिल लई हलकं, ते कवा कुठं फिरंल सांगता येत न्हाय. तूच फिरवनारा, तवा तूच जाग्यावर धर. माझ्या दीनावर मला टिकीव. असं हाय ते.

इरम्मा : तुमचं दिल कुठं फिरनार हुतं, ह्या वयात?

हुसेनबी : हिच्याकडं. रोज फजरला, पहाटंच्या नमाजीला ठरवते, आज ही उठली का म्हनायचं, बेटा, भूमला हो म्हन. नमाजीच्या चटईवर दिल अगदी धोंड्यावानी घट्ट असतंय. मंग ही चूल पेटवती. भाकरी थापायला बसती. तो थापायचा आवाज कानावर आला का जीभ फिरती माझी. म्हनते, उद्या सांगू. आज कशाला? आजची भाकरी तर खाऊ.

जैतून : अम्मा...

हुसेनबी : दस्तगीरला पटकी झाली, एका रातीत गेला. तवापासनं ह्या घरात दुसरा आवाज फकत तुझा हाय. म्या मागितलं, अल्ला, दीनावर टिकीव. आन मनात म्हनलं, ह्या पोरीला तिच्या वाटंला लावनं, हाच आज माझा दीन. तेवढ्यापुरतं टिकीव. चाचाला जवाब देईपतुर. मंग फिरू दे खुशाल.

इरम्मा : म्हंजे ही ऱ्हावं म्हनून झूट बोलली, आन तुमी तिनं जावं म्हनून. असल्या सासू-सुना म्या कुठं बघितल्या न्हाईत.

जैतून : मग तुमीबी चला, अम्मा. भूमला. म्या त्यांना सांगते. माझी माय बरूबर यील, न्हायतर म्याबी न्हाय.

हुसेनबी : न्हाय.

जैतून : का पर?

हुसेनबी : पहिल्या नवऱ्याची माय दुसऱ्या नवऱ्याच्या घरात? मौलाली भला मानूस, तो काय म्हनायचा न्हाय. पर त्याच्या घरात तू नवी जानार. तिथं तुझ्या पाठीमागं म्या दस्तगीरची आठवन घेऊन बसू? त्या पोरीला माय पायजे, तिला जुनं रडगानं नको.

जैतून : आन कबर? कबरीला म्या पाठ दाखवू?

हुसेनबी : कबर माझी हाय. नीट ऐक, हे पुन्यांदा सांगायचं बळ माझ्यात न्हाय. तू त्याची बीवी हुतीस. ते नातं मरनानं सुटलं, शरियतनंबी सुटलं. तू इद्दतीचे चार म्हयने धा दिस पाळलेस, त्याच्या नावानं रडलीस, तुझं झालं. म्या माय हाय. माझं सुटत न्हाय. तवा तू जायचं आन म्या ऱ्हायचं.

इरम्मा : जैतून, म्या एक सांगू? आमचा खंडोबा बघ. आता अणदुरात हाय. मार्गेसरात वाजतगाजत हितं यील, नळदुर्गात बसंल, जत्रा झाली का पुन्ना अणदूरला जाईल. दोन्ही गावानं लिहून घेतलंय तसं. तो अणदूरला गेला म्हनून आमी कवा म्हनलं का, देवानं आमाला टाकलं? देवाला दोन घरं चालत्यात, मग तुला का चालू ने?

हुसेनबी : बघ. आमचं सांगनं न्हाय पटलं, तर तिच्या खंडोबाचं ऐक.

जैतून : पर माळा कोन लावील, मावशी? कुनी हिरव्या मागितल्या आन अम्मानं निळ्या काढल्या तर?

इरम्मा : म्या काय मेले का? दुपारचं घरात माझं काय काम असतंय? सुना झोपत्यात, म्या माशा मारत बसते. हितं येऊन बसीन. बुबू माळ काढतील, म्या रंग सांगीन.

हुसेनबी : तू रंग सांगशील, आन संगं गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढशील. दुकान बसंल माझं.

इरम्मा : बसू दे. दोघी बसू.

जैतून : तुमच्या घरचे काय म्हनतील, मावशी? लिंगायताच्या बाईनं बांगडीवालीच्या वसरीत बसायचं?

इरम्मा : घरचे म्हनतील, बरं झालं, दुपारी तरी कटकट गेली. तू तुझं बघ. दुसरा हात भरून टाक, तवर नमाज सुटंल. व्हय, असं. लागंना झालंय आता, हात हलका हाय तुझा. झालं? बास. थांब, वाकू दे मला.

जैतून : माझ्या पाया नका पडू, मावशी. तुमी मोठ्या. आन म्या असली, उघड्या हाताची.

इरम्मा : चुडा भरला का भरनारीच्या पाया पडायचं असतंय. तिथं कुनाचे हात उघडे आन कुनाचे भरलेले, हे बघत न्हाईत. आमच्या आईनं शिकिवलंय. वरनं आता तर तुझेबी भरतीलच.

हुसेनबी : ते भरायचं काम माझं. लगनाच्या दिशी दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाय म्या तिला. डोळे झाकूनबी भरीन. पर आदी तिनं तोंडानं सांगू दे. जैतून, वर बघ. माझ्याकडं बघून न्हाय, तुझ्या मनाकडं बघून सांग. तुझ्या ‘व्हय’बिगर म्या त्या दारात तोंड उघडनार न्हाय. निकाहात काजीबी तुलाच इचारनार हाय, मला न्हाय.

जैतून : पोरगी मला वळखील का, अम्मा?

हुसेनबी : वळखलं न्हाय तर मांडीवर झोपवून वळख पटीव. तुझा जवाब?

जैतून : व्हय.

हुसेनबी : मोठ्यानं म्हन. मोतीबिंदू डोळ्यात हाय, पर आज कानबी साथ देईना झालेत.

जैतून : व्हय, अम्मा. म्या जाते.

हुसेनबी : अल्हम्दुलिल्ला. इरम्मा, पदर दे माझा नीट करून. आन तू आत हो, जैतून. पडद्याआड बस.

(बाहेरची कडी वाजते.)

इरम्मा : आले वाटतं. बुबू, तोंडात काय पुटपुटताय?

हुसेनबी : दुवा म्हनतेय. ऱ्हा गप... या मुकल्लिबल कुलूब, या मुकल्लिबल कुलूब... वालेकुम सलाम, भाईजान. बसा वट्यावर. पडद्याआडनंच बोलते, माफी असावी. ...व्हय, नमाज झाली का बरी? ...काय म्हनता? इस्तिखाऱ्यात काय निघालं? ...काय न्हाय निघालं. ...न्हाय, हिरवं न्हाय, लाल न्हाय, पांढरं न्हाय. खाब पडायला झोप लागती, भाईजान. आमच्या घरात कुनाला झोपच लागली न्हाय. ...थांबा, थांबा, उठू नका. नकार न्हाय दिला म्या. ...व्हय, ऐकतेय. जरा दम खाऊ द्या मला, म्हातारी हाय... भाईजान, दुवा मागितली, सल्ला घेतला, आन पोरीनं तिच्या तोंडानं व्हय म्हनलंय. म्या माझी लेक देते तुमच्या मौलालीला. ...व्हय, लेकच म्हनले. सून मागायला आला हुता तुमी, पर म्या लेक देतेय. तिचं माहेर ह्याच घरात ऱ्हाईल, एवढं मौलालीला नीट सांगा. पौषात जत्रंला तो नाल मारायला यील तवा तिलाबी घेऊन यायचं, आन त्या पोरीलाबी. ...व्हय, तेवढीच अट. दुसरं काय मागनं न्हाय माझं. ...अल्ला तुमालाबी सलामत ठेवो. तारीख तुमी काजीसाबला इचारून कळवा. खुदा हाफीज, भाईजान.

इरम्मा : गेले. वळले मशिदीकडं. बुबू, बसा. बसा खाली, म्या धरते.

हुसेनबी : पानी दे गं कुनीतरी. जैतून, तू आतनं ऐकत हुतीस न्हवं समदं?

जैतून : व्हय, अम्मा.

हुसेनबी : आता झूट बोलू नको. माझा आवाज हालला का गं?

जैतून : हालला, अम्मा. पर फिरला न्हाय.